विळीचा खिळा

वसईचे नाव निघाले की सुशिक्षित मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो किल्ला. १७३९ सालचा तो वेढा, चिमाजी आप्पांचा निर्धार, सुरुंगांनी उडालेले बुरूज आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी खाली ठेवलेली शस्त्रे, हा सारा वृत्तान्त आपण शाळेच्या बाकावर शिकलेलो असतो. आपल्या भाषेत ‘हत्यार’ हा एकच शब्द तलवारीसही लागतो आणि सुताराच्या पटाशीसही; परंतु इतिहास लिहिण्याची वेळ आली म्हणजे आपणांस तलवार तेवढी आठवते. ज्या हत्याराने माणसाने दुसऱ्याचा प्राण न घेता आपला चरितार्थ चालविला, त्याची वंशावळ सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका हत्याराची, व त्याला जडविलेल्या एका खिळ्याची, हकीकत सांगावयाची आहे.

वसई तालुक्यातील गोखिवरे हे गाव रेल्वेच्या पूर्वेस, तुंगारच्या डोंगराच्या बाजूला आहे. किनारा येथून दूर. मासळी येते ती पश्चिमेकडून. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा अशा कोळीवाड्यांच्या बाजूने. आज ह्या मुलुखाचा बराचसा भाग वसई-विरार महानगरपालिकेत मोडतो, आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. भाताची खाचरे जाऊन कारखान्यांचे गाळे व चाळी उभ्या राहिल्या. पण रस्त्याच्या कडेला पाटी मांडून बसलेली कोळीण काही नाहीशी झाली नाही. अशाच एका कोळणीकडे बोंबील घेत असता माझे लक्ष तिच्या विळीकडे गेले. विळीचा पाट नेहमीपेक्षा वीतभर लांब होता, आणि त्याच्या मोकळ्या अंगास एक जस्त चढविलेला खिळा, टोक वर करून, खालून ठोकलेला होता. बाईच्या डाव्या अंगावरून वारे गेले होते. पायात थोडी शक्ती परत आली होती, हात मात्र मांडीवर निपचित पडलेला असे. ती माशाची शेपटी त्या खिळ्यात रोवी, उजव्या हातातल्या सुरीने शेपटीकडून डोक्याकडे खवले खरवडी, मग मासा उपसून तोच विळीच्या पात्यावर धरी आणि डोके वेगळे करी. पाट उजव्या पायाखाली पक्का दाबलेला. गिऱ्हाईक खोळंबले आहे असे मला एकदाही दिसले नाही.

खिळ्याची कल्पना कोणाची, असे मी विचारले. मुलाने ठोकून दिला, एवढेच तिने सांगितले. त्यात विशेष काही आहे असे तिला वाटत नव्हते. मला मात्र घरी परतल्यावरही तो खिळा स्वस्थ बसू देईना.

कोणतीही वस्तू कापण्यास दोन क्रिया लागतात: एक धरण्याची आणि दुसरी चालविण्याची. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात वस्तू डाव्या हाताने धरावयाची आणि सुरी उजव्याने चालवावयाची, अशी वाटणी आहे. आपल्याकडील विळीने ही वाटणीच उलटी केली. पाते स्थिर, वस्तू चल. पाते धरून ठेवण्याचे काम हातांकडून काढून पायाकडे, किंबहुना साऱ्या देहाच्या भाराकडे दिले. त्यामुळे दोन्ही हात वस्तूच्या दिमतीस मोकळे राहिले. ही युक्ती एकट्या महाराष्ट्राची नव्हे. बंगाल्यांची बँटी, कानड्यांची ईळिगे मणे, तामिळांचे अरिवाळमणै, गोमंतकातील आदोळी आणि वसई-मुंबईकडील कोळी, आगरी व ख्रिस्ती घरांतली मोरळी, ही सर्व एकाच कुळातील भावंडे होत. कोठे पाते अधिक उभे, कोठे अधिक वळलेले, कोठे त्याच्या टोकास नारळाची खवणी. पण तत्त्व एकच.

माशाच्या बाबतीत ह्या तत्त्वाची खरी कसोटी लागते. भोपळा किंवा कांदा जेथे ठेवावा तेथे राहतो. मासा राहत नाही. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळे त्यास धरणे हेच कापण्याहून अवघड काम होऊन बसते. म्हणूनच बुळबुळीत माशांना चुलीतली राख चोळून कापण्याची रीत पडली. राखेने बोटांस पकड येते. शिवाय माशाच्या सफाईत कापणे हा थोडाच भाग असतो. खवले उलट्या अंगाने खरवडावयाचे, पर छाटावयाचे, पोट चिरून आतडी काढावयाची, कल्ले उपटावयाचे, मग तुकडे पाडावयाचे. ह्यातील प्रत्येक कामात मासा एका बाजूस ओढला जातो आणि कोणीतरी त्यास दुसऱ्या बाजूस ओढून धरावे लागते. विळीने पाते स्थिर केले खरे, पण मासा स्थिर केला नाही. ते काम तिने दुसऱ्या हाताकडेच ठेवले. तो हात गेला, सांध्यांच्या दुखण्याने आखडला, किंवा म्हातारपणी थरथरू लागला, म्हणजे विळीची विद्या तेथे अपुरी पडते. गोखिवऱ्याच्या त्या खिळ्याने नेमकी हीच उणीव भरून काढली होती. पाते पायाने धरले, मासा खिळ्याने धरला. धरण्याचे काम हातास उरलेच नाही, आणि चालविण्यास एक हात पुरेसा झाला.

ह्या खिळ्यास इतिहासात कोठे जागा आहे काय, हे पाहू लागलो तेव्हा प्रथम आपल्या प्राचीन वाङ्मयाकडे वळणे प्राप्तच होते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची कथा आहे. युद्धात तिचा पाय तुटला, आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडाचा पाय देऊन पुन्हा रणात धाडले. अवयव गेला असता कृत्रिम साधनाने त्याचे काम चालवावे, ही कल्पना निदान तेव्हापासून आपणांस ठाऊक आहे. सुश्रुताने शल्यकर्मासाठी एकशे एक यंत्रे मोजली, आणि त्या सर्वांत श्रेष्ठ यंत्र म्हणून हातासच मान दिला; कारण हातावाचून कोणतेच यंत्र चालत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात माशांच्या जाती, त्यांचे आमिष, मासेमारीचा विनोद आणि माशांचा पाकविधी ह्यांस जागा दिलेली आहे. परंतु तो ग्रंथ राजाच्या विनोदासाठी व राजाच्या ताटासाठी आहे. विश्पला पुन्हा लढावी म्हणून तिला पाय मिळाला. राजाने जेवावे म्हणून मासा रांधला गेला. मासा साफ करणाऱ्या हातास काय झाले, ही चौकशी करण्याचे त्या ग्रंथांना प्रयोजन नव्हते.

पाश्चात्त्य देशांतही गोष्ट फारशी निराळी नाही. १७९७ साली सांताक्रूझ येथील लढाईत नेल्सनचा उजवा हात गेला. त्यानंतर तो सुरी आणि काटा एकत्र केलेले साधन जेवताना वापरी. आजही अशा उपकरणास तिकडे नेल्सनचेच नाव आहे. एका दर्यासारंगाचा हात गेला म्हणून एक उपकरण इतिहासात आले. पुढे अमेरिकेत डॉरन्स नावाच्या मनुष्याचा हात लाकूड कापण्याच्या गिरणीत गेला. त्या काळचे कृत्रिम हात दिसण्यास हातासारखे असत, पण कामास निरुपयोगी. त्याने १९१२ साली दोन पाकळ्यांच्या आकड्याचे पेटंट घेतले. रबराच्या ताणाने मिटणारा आणि खांद्याच्या हालचालीने उघडणारा असा हा आकडा होता. हाताचे रूप नसले तरी चालेल, पकड असली पाहिजे, हा त्यातील शहाणपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. गोखिवऱ्याचा खिळाही रूपाने हातासारखा नाही.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न एकट्या-दुकट्याचा राहू दिला नाही. हातपाय गमावलेले हजारो तरुण युरोपातील प्रत्येक देशात परत आले, आणि त्यांस पुन्हा कामास लावणे हे राष्ट्राचे कर्तव्य ठरले. जर्मनीत झाउअरब्रुख ह्या शल्यवैद्याने उरलेल्या स्नायूंच्या जोरावर चालणारा कृत्रिम हात सिद्ध केला. आपल्याकडील शिपाईही फ्रान्स व मेसोपोटेमियाच्या रणांगणांवरून तसेच परतले. त्यांच्यासाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन ह्यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघाले. ते पुढे पुण्याजवळ खडकीस गेले. हात किंवा पाय गमावलेल्या शिपायास पोट भरण्याचा धंदा शिकवावा, हा त्याचा हेतु. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. ह्या संस्थांचे उपकार थोर आहेत. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की राज्यसंस्थेचे लक्ष प्रथम गेले ते शिपायाच्या हाताकडे. शिपायाचा हात राष्ट्राच्या कामी खर्ची पडलेला असतो, म्हणून त्याचा हिशेब राष्ट्र ठेवते. घरात किंवा बाजारात निकामी झालेल्या हाताचा हिशेब घरच्यांनीच ठेवावयाचा.

तो हिशेब सार्वजनिक खात्यात येण्यास दुसरी वाट लागली, आणि ती महारोगाच्या दवाखान्यांतून गेली. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ ह्यांचे नाव मराठी वाचकांस ठाऊक आहे ते पोवाड्यांमुळे. शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या साह्याने त्यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापून काढला. त्याच गृहस्थांच्या खटपटीने १८९० साली माटुंग्यास निराधार महारोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले होते, व तेथील रुग्णालय आजही त्यांचेच नाव धारण करते. ज्यांच्या हातांची बोटे झिजून गेली, अशांस निवारा देणे एवढेच त्या काळी शक्य होते. बोटे का झिजतात हेच नीट कळले नव्हते.

ते कळले वेलोरला. डॉक्टर पॉल ब्रँड १९४६ साली तेथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. रोग्याची बोटे रोगाने गळत नाहीत, हे त्यांनी दाखविले. रोगाने मज्जातंतू मरतात. हातास वेदना कळेनाशी होते. मग गरम भांडे, खडबडीत मूठ, धारदार कड ह्यांनी झालेली जखम ध्यानातच येत नाही, आणि जखमांवर जखमा होऊन बोट आखूड होत जाते. गंजलेल्या कुलपात एका मुलाने सहज किल्ली फिरविली आणि त्याचे बोट हाडापर्यंत चिरले तरी त्यास त्याचा पत्ता नव्हता, हा त्यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. ह्या शोधाचा अर्थ केवळ वैद्यकीय नव्हता. हात वाचवावयाचा तर हत्यार बदलले पाहिजे, असा तो अर्थ होता. मूठ जाड व गुळगुळीत असावी, म्हणजे दाब एका बिंदूवर न पडता पसरतो. कड बोथट करावी. जेथे चिमटीचा जोर लागतो तेथे तळहाताचा लावण्याची सोय करावी. दोष माणसाचा मानण्याऐवजी हत्याराच्या घडणीकडे पाहण्याची ही दृष्टी होती.

हीच दृष्टी मुंबईत आणणारी व्यक्ती एक मराठी गृहिणी होती, जन्माने अमेरिकन. एलिझाबेथ लंडी ह्या क्वेकर पंथाच्या तरुणीने विष्णू निंबकर ह्यांच्याशी विवाह केला आणि ती कमला निंबकर झाली. अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन तिने १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ह्या विद्येच्या शिक्षणाचा भारतात पाया घातला. १९५२ साली व्यवसायोपचार करणाऱ्यांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, त्यामागेही तीच होती. १९५५ साली मुंबईत हाजीअलीजवळ शारीरिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. व्यवसायोपचाराचे सूत्र थोडक्यात सांगावयाचे तर असे: रोग्यास बरे करणे एवढ्यावर न थांबता, त्याचे रोजचे काम त्याच्या हाती परत द्यावयाचे, हात बदलत नसेल तर काम करण्याची रीत बदलावयाची, आणि रीत बदलण्यासाठी साधन बदलावयाचे. स्नान, वेणी, जेवण, स्वयंपाक ही कामे वैद्यकाच्या कक्षेत प्रथमच मानाने आली.

आता मौज अशी की, ह्या विद्येत एका हाताने स्वयंपाक करणाऱ्यांसाठी जी साधने सांगितलेली असतात त्यांत एक फळी असते. तिच्यावर दोन-तीन न गंजणारे खिळे टोक वर करून बसविलेले, एका कोपऱ्यास वस्तू सरकू नये म्हणून उभी पट्टी, आणि खाली ओट्यास घट्ट चिकटणारे रबरी पेले. बटाटा किंवा मांसाचा तुकडा खिळ्यांत रोवावा व एका हाताने कापावा. माशासाठी शेपूट पकडणारा चिमटा बसविलेल्या फळ्याही असतात. सुरी असते ती अर्धचंद्राकार पात्याची. ती पुढेमागे न ओढता जागच्या जागी डोलवावयाची, म्हणजे पदार्थ सरकत नाही. गोखिवऱ्याच्या मुलाने ही फळी पाहिली असण्याचा संभव फार थोडा, आणि फळी बनविणाऱ्यांनी त्याचा खिळा पाहिला असण्याचा त्याहून थोडा. दोघांपुढे अडचण एकच होती आणि दोघांनाही उत्तर एकच सुचले, ह्यात नवल नाही.

मग अशा घरगुती युक्तीचे कौतुक करून स्वस्थ बसावे काय? मला तसे वाटत नाही. लोकांच्या अंगभूत शहाणपणाची स्तुती करून त्यांस त्यांच्या दैवावर सोडून देणे ही आपल्या सुशिक्षित वर्गाची जुनी खोड आहे. त्या खिळ्यात उणिवा होत्या. त्याच्या टोकास झाकण नव्हते; बधिर झालेला डावा हात त्यावर पडला तर ब्रँड ह्यांनी सांगितलेली गोष्टच घडावयाची. पाट लाकडाचा असल्याने खिळ्याच्या मुळाशी घाण साचते. ती रोज खरवडून धुतली पाहिजे. ह्या बारीकसारीक गोष्टी व्यवसायोपचार जाणणारा मनुष्य पहिल्याच भेटीत सांगेल. पण त्याची आणि तिची भेट व्हावी कोठे? तो परळला, हाजीअलीला. ती गोखिवऱ्याच्या रस्त्यावर. उलट, त्या विद्येच्या पाठ्यपुस्तकांतील स्वयंपाकघर उभ्याने काम करण्याचे, ओट्याचे. जमिनीवर बसून पायाने पाट दाबणारी बाई त्यांच्या चित्रांत सहसा नसते. विळीने पायाकडे सोपविलेले काम ओट्यावर पुन्हा हाताकडे येते, हे तेथे ध्यानात येत नाही. शहरातील घरांतून विळी गेली ती गुडघ्यांच्या सोयीसाठी, आणि ती सोय खोटी नव्हे. ज्याला खाली बसता येत नाही त्यास विळी काय कामाची? परंतु ज्याचा गुडघा शाबूत आणि हात गेलेला, त्याच्यापासून आपण एक तयार साधन काढून घेतले, हेही तितकेच खरे.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातील भांडी-उपकरणे मांडलेली पाहून आपण पूर्वजांच्या कारागिरीवर प्रसन्न होतो. केळकरांनी हा ठेवा जमविला नसता तर त्यातील पुष्कळसा मोडीत गेला असता. त्या संग्रहापुढे उभे असता मला एक गोष्ट मात्र जाणवली. संग्रहात वस्तू येते ती सुंदर म्हणून. एखाद्याने आपल्या आईच्या लुळ्या हातासाठी वेडावाकडा खिळा ठोकलेला पाट कोण जपून ठेवणार? बाई गेली की तो पाट चुलीत जातो, आणि पुढच्या घरी वारे गेले की तीच युक्ती पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते. शिपायाच्या आकड्याचे पेटंट होते, नेल्सनच्या सुरीस नाव मिळते. घरातील युक्तीचा वारसा मात्र एका आयुष्याहून लांब जात नाही. इतिहास न लिहिला गेल्याने होणारे नुकसान ते हेच. ते अभिमानाचे नुकसान नव्हे, ज्ञानाचे आहे. आणि ते ज्ञान एखाद्या घराच्या रोजच्या पोटाशी बांधलेले असते.

पुढे एकदा मी त्या कोळणीस खिळ्यास बुचाचे टोपण घालून ठेवण्याविषयी सुचविले. तिने पाटीच्या कडेखालून एक बूच काढून दाखविले. काम नसले म्हणजे ती ते लावीतच असे. हात एकदा लागला होता, असे म्हणाली. मग तिने मला एक प्रश्न विचारला. तिच्या ओळखीच्या एकीचा उजवा हात गेला आहे, आणि तिला सगळे डाव्याने करावयाचे आहे. तर खिळा पाटाच्या कोणत्या बाजूस ठोकावा? मी बराच वेळ विचार केला. पाट कोणत्या पायाने दाबावयाचा, पात्याची वळण कोणत्या अंगास, ह्यावर ते अवलंबून आहे, एवढे मला समजले; उत्तर मात्र देता आले नाही. तिने खडूने पाटावर दोन जागा आखल्या, एकदा इकडे, एकदा तिकडे मासा धरून पाहिला, आणि दुसऱ्या जागेवर फुली मारली.